गाडी उलटी करून

भोसरीत सुट्टी गुरुवारची.
जुना बाजार भरतो बुधवारी नि रविवारी.
म्हणून एकतीस वर्षं
रविवारची पहाट, तिसरी पाळी सुटली की थेट,
डोळ्यांत वाळू, डब्यात उरलेली अर्धी पोळी,
मी शिरायचो कुंभारवेशीकडून
नळाच्या तोट्या, काडी तुटलेले चष्मे, एकेका पायाचे बूट
ओलांडत
इलाही तांबोळीच्या ताडपत्रीपाशी.

आला डॉक्टर, म्हणायचा तो.
कारण लोक बॉनेट बघतात,
दारं उघडतात का ते बघतात,
मी गाडी आधी उलटी करतो.
पोट बघतो.
इजेक्टर पिनांचे गोल वण कुठे उठलेत,
साच्याच्या दोन पाळ्यांमध्ये केसभर पापुद्रा सुटला होता का,
तो कुणी कानशीनं घासला
की रंगाखाली ढकलला.
पोटावरून कळतं
त्या दिवशी मशीनवर कोण होतं:
जेवून आलेला, की जेवायला निघालेला.

मी स्वतः अडीचशे टनी मशीनवर
स्कूटरची झाकणं ओतली.
किती, ते विचारू नका.
एकही कुणी काचेच्या कपाटात ठेवलं नाही.

आमच्या धनकवडीच्या कपाटात एकशे बारा गाड्या,
चौसष्टास एक या मापाच्या.
त्या मापात स्वारगेट ते कात्रज
आमच्याच गल्लीत संपतं, वाण्याच्या अलीकडे,
आणि मी भरतो अडीच सेंटिमीटर, चपलेसकट.
हेमलता म्हणाली, बरं झालं, मग पोळीही तेवढीच लाटते.

परवा, दिवाळीआधी, फडकं मारायला
वरच्या फळीवरची हिरवी व्हॅन उचलली
तर मडगार्ड बोटांत आलं.
नुसतं आलं. ओढलं नव्हतं.
रंगाखाली मे महिन्यातल्या पानशेतच्या तळासारख्या भेगा,
छप्पर किंचित फुगलेलं,
चाक फिरवलं तर पीठ सांडलं, राखाडी.

ही कधी पडली नाही.
हिच्यावर ऊन येऊ दिलं नाही.
अभिजितनं एकदा, सहा वर्षांचा असताना,
ती फरशीवरून न्हाणीघरापर्यंत पळवली
तेव्हा मी त्याच्या पाठीत दिलेली.

कशानं झालं, हेमलतानं विचारलं.
मी सांगत बसलो, हे माझ्या खात्यातलं होतं:
जस्त वितळवताना त्यात शिसं गेलं
तर त्या दिवशी काही कळत नाही,
गाडी सुबक निघते, रंग धरते, डबीत बसते, विकली जाते.
आत मात्र कण न् कण एकमेकांपासून सरकत राहतात.
तीस वर्षं, चाळीस वर्षं.
काही करून थांबत नाही.

म्हणजे झाली त्याच दिवशी मोडली होती, ती म्हणाली.
आणि पोराला मारलंत तुम्ही.

मग दूध उतू जाईल म्हणून आत गेली.
दूध तापत नव्हतं, गॅस बंद होता.

रात्री अभिजितचा फोन आला.
तिकडे थंडी आहे म्हणाला, मी म्हटलं इकडे अजून नाही.
व्हॅनचं निघालं नाही.
ती मी काडेपेटीत भरून ठेवली आहे,
पीठसुद्धा.

आता निवृत्त झालोय, त्यामुळे बुधवारही मिळतो.
काल इलाहीचा नातू ताडपत्रीच्या कडेला
एक गाडी घासत होता, रंग कसला ते सांगता येईना,
पुढची चाकं नाहीत, टप बसलेलं.
मागून घेतली. उलटी केली.
पोट घासून घासून चकचकीत, आरशासारखं,
वण नाहीत, सांधा नाही,
मशीनवर कोण होतं
काही म्हणजे काही वाचता येईना.

केवढ्याला, मी विचारलं.
ती विकायची नाही डॉक्टर, इलाही म्हणाला,
ती चालू आहे.

मी पोराला परत दिली,
आणि उगीच तिथं उभं राहायला नको म्हणून
एक पितळी तोटी घेतली.
तीसुद्धा आधी उलटी करूनच पाहिली.