गोतमारे चित्रदालन, तिकीट दहा रुपये

एसटी आम्हाला फाट्यावर टाकून दारव्ह्याकडं गेली
आणि मायनं विचारलं, "किती चालाचं हाय वं?"

जिनिंगच्या जुन्या गोदामाला निळा रंग दिलाय.
आत अजून सरकीचा वास.
देवमन नावाचा माणूस पेपर बाजूला ठेवून उठला,
ट्यूबलाइट लावले;
एक लागला नाही, त्याला काठीनं डिवचलं, लागला.
आणि भिंतीभर बाया उजळल्या.

'रानजाई'त महिन्याला चार चित्रं असायची त्यांची,
दिवाळी अंकात वीस.
पाठमोरी उभी, मान वळवून बघणारी,
वेणी कमरेच्या खाली,
आणि पाठीवर एक गळा: मटका, पान, अर्धा चंद्र,
जो आमच्या पंचक्रोशीत तोवर
कुणाच्याच पाठीवर उतरला नव्हता.

मास्तरीणबाई, पोस्टमन, सलून असं फिरून
अंक आमच्या घरी यायचा, बिनकव्हराचा.
गोष्टी मी वाचायची. चित्रं माय.
बायका पानावर बोट ठेवायच्या,
"अश्शीच शिव पंचफुला, सेम टू सेम."
मग रात्री कंदिलाशी पान उलटंसुलटं.
नीळकंठ गोतमाऱ्यांनी शिवण कधी काढलीच नाही,
त्यांच्या बाया कपड्यासकट जन्मलेल्या.
हुक कुठं, टक्स कुठं,
कापड कुठं संपतं आणि बाई कुठं सुरू होते
हे मायनं शोधायचं,
ऐंशी सेंटिमीटर रुबियात.

मला त्यांचे ओठ आवडायचे.
छापताना लाल रंग सूतभर खाली घसरायचा,
ओठ हनुवटीवर.
मला वाटायचं, शहरातल्या बाया बोलतात
तेव्हा बोलणं असं थोडं सांडत असेल.
आठवीत मी कुंकू कालवून तसे ओठ काढले
आणि मार खाल्ला.

इथं, मूळ चित्रांत, ओठ जागच्या जागी.
एक फ्रेम, दुसरी, सहावी. सगळीकडं जागच्या जागी.
वाईट वाटलं. कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

समासात पेन्सिलीनं बारीक अक्षर:
'गोष्ट अजून आली नाही. बाई रडकी की हसरी?'
खाली, त्याच पेन्सिलीनं:
'हसरीच काढतो.'

मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं.
ती एकाच चित्रापुढं थांबली, काचेपासून वीतभर.
"हे म्या शिवलं होतं. बेबीच्या लग्नात. तीनदा उसवलं."
"काचेले हात नका लावू काकू."
"नाई लावत. काढलं चांगलं त्यायनं,
पण हे आंगात टिकत नाई.
हात वर केला का काखेत फाटते."
देवमन हसला. म्हणाला, सायब इथंच वारले,
मागच्या खोलीत. त्यायची बायको जलमभर
बंद गळ्याचं साधं पोलकं घाले.

मायनं ऐकलं की नाही, कळलं नाही.
ती हवेत वीत टाकत होती,
खांद्यापासून खांद्यापर्यंत, मग खाली,
ओठांत आकडे.
"बत्तीस," म्हणाली. "बाही मोकळी."

शेऱ्याच्या वहीत झेडपी शाळेतल्या पोरांचं
छान, खूप छान, छान, पंखा चालू नाही.
आम्ही काही लिहिलं नाही.

फाट्यावर सावली नव्हती.
मैलाच्या दगडावर बसून तिनं पिशवीतला डबा उघडला,
झुणका, भाकर, आणि मधेच:
"पुस्तकात तिचे ओठ खाली होते ना वं?
मले वाटे, माहे डोळे गेले."

तेव्हा ती तिशीची असेल.
त्या काळात कितीदा तिला विचारलं असतं तर सांगितलं असतं,
कोण जाणे. मी गोष्टी वाचत होते.

लांबून एसटी दिसली.
तिनं डबा मिटला, उभी राहिली
आणि हात वर केला.