अनुरेखक

एकतीस वर्षं सिंचन भवनात
दुसऱ्यांनी काढलेले कालवे मी गिरवले.
खाली मूळ नकाशा, वर ट्रेसिंगचं कापड,
शाईचा थेंब सांडला तर ब्लेडने खरवडायचा,
श्वास रोखून.
पदाचं नाव अनुरेखक.
म्हणजे हात माझा, रेघ माझी नाही.

आता मानेवाड्याला घरामागे
बारा बाय नऊ फूट काळी जमीन.
खणली तर फुटक्या टाइल्स निघाल्या,
एक चमचा, एक कंचा,
आणि बांधकामाच्या वेळची वाळू, अजून ओली.
वसंत पंचमीच्या दुपारी
जेवणाच्या टेबलावर आलेख कागद पसरला
आणि पहिली रेघ काढायला
वीस मिनिटं लागली.
खाली काहीच नव्हतं गिरवायला.

मग सुचत गेलं.
पूर्वेला टमाटे, काठ्यांसकट.
त्यांच्या पायाशी सांभार.
हे म्हणाले, कोथिंबीर लिही,
पुण्याची सून वाचेल एखाद वेळी.
मी सांभारच लिहिलं.
मधे पालकाचे दोन वाफे, कुंपणाला बरबटी,
वर उत्तरेचा बाण, खाली प्रमाण,
कोपऱ्यात तुटक रेषेत
'स्कूटर : प्रस्तावित स्थलांतर'.
त्यावर ह्यांनी सही केली नाही.

शेजारच्या कौतिकाबाई हेडाऊंनी
भिंतीवरून नकाशा मागितला,
उलटा धरला, मग सुलटा.
"चांगला हाये. पण बाई, सूर्य कुठं काढला?"

तो मी काढलाच नव्हता.

"हा सांभार चैतात करपते. ढेमसे लावा न मंग,
उन्हाले तेच पुरतेत."
बामच्या रिकाम्या डबीतून त्यांनी सात बिया दिल्या.
नकाशात जागा नव्हती,
म्हणून मागच्या खिडकीत बशीत ठेवल्या.

पेंचचा कालवा मी तीनदा गिरवलाय,
वळणं अजून बोटांत आहेत.
पेंचचंच पाणी सकाळी नळाला येतं, चाळीस मिनिटं.
खुरप्याने ओढलेल्या माझ्या पाटात सोडलं
तर ते टमाट्यांकडे वळलंच नाही,
सरळ जाऊन स्कूटरखाली बसलं.
हे काही बोलले नाहीत.
चहा मात्र दोनदा मागितला.

पालक आला. मावा आला.
होळीची राख चाळून टाकली, मावा गेला,
बराचसा पालकही गेला.
टमाटे धरले अकरा,
सात बुलबुलांनी नेले, तेही
अगदी पिकायच्या आदल्या दिवशी.
आणि पाडव्याच्या आत सांभार
असा पिवळा पडला
की कौतिकाबाईंनी भिंतीपलीकडून
नुसतं खाकरलं.

मग ह्यांनी माळ्यावरून कूलर उतरवला.
जुना भुसा मी वाफ्यांवर अंथरला,
नवा जाळीत कोंबला,
आणि दोघांनी मिळून खिडकीत बसवताना
बशी खाली गेली.
बिया शोधायला वाकण्याची
गुडघ्यांची तयारी नव्हती.

चैत्र सरला. बेचाळीस. त्रेचाळीस.
दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही.
रात्रभर कूलर गळतो, टप टप,
नकाशाच्या बाहेर, दीड फुटावर,
जिथे कागदावर फक्त समास आहे,
तिथे ढेमशाचा वेल.
केसाळ, खरखरीत, घाईत.
स्कूटरच्या चाकातून गेलाय,
स्टँडला एक वेढा घालून.
हे आठ दिवसांपासून बाजाराला
पायी जातात.

आमच्याकडे पद्धत होती :
काम संपलं की दुसरा नकाशा करायचा,
प्रत्यक्षात झालं तसा.
साहेब बदललेले असत, ठेकेदार निघून गेलेला,
तो शेवटचा कागद माझ्याकडे यायचा.

काल रात्री जुन्या कागदावर ट्रेसिंग ठेवलं.
टमाटे चार. बरबटी, कुंपणाच्या पलीकडून जास्त.
सांभाराच्या जागी सांभार लिहून
त्यावर एक आडवी रेघ.
पश्चिमेला सूर्य काढला, जरा मोठाच झाला.
पाणी जसं गेलं तसं.

वेल तेवढा पेन्सिलने काढलाय.
शाई वाळेपर्यंत तो
थांबत नाही.