कंप : खोका क्रमांक सदतीस

आधी सगळे वरच्या टेकडीवर जातात,
सरकारी दफ्तरखान्यात.
तिथं मंत्री विलारिन्युंची भाषणं आहेत, कातडी बांधणीत,
तहांचे मसुदे, लाखेचे शिक्के,
भेट मिळालेल्या तलवारीची पावतीसुद्धा.
पत्रं नाहीत.
मग कुणीतरी त्यांना उतारावर पाठवतं,
पोर्तूच्या या वैद्यक ग्रंथालयात,
जिथं दारातच मूतखड्यांची बरणी
आणि आत बारमाही ओल्या दगडाचा वास.

‘मंत्र्यांची पत्रं इथं कशी?’
मी सूचीचा खण ओढते.
त्यांच्या नावाखाली शोधू नका.
राजकारण हा शब्दच आमच्याकडे नाही.
कंप पाहा. कंप, हातांचा.

डॉक्टर फ्राझांवनं एकवीस वर्षं ही पत्रं
वाचली नाहीत म्हटलं तरी चालेल.
नुसती पाहिली, भिंगातून.
‘एल’ची दांडी कुठं लचकली,
सहीखालची रेघ कोणत्या हिवाळ्यात दातेरी झाली.
समासात लाल पेन्सिल:
कॉफी दोन पेले. झोप तीन तास.

मजकूर म्हणाल तर,
पोट साफ नाही. राजा ऐकत नाही.
उद्या सभागृहात सहा तास उभं राहायचंय, काहीतरी द्या.
चौकात कबुतरांसकट उभा असलेला ब्राँझचा माणूस
आमच्या खोक्यात पायमोजे मागतो,
लोकरीचे, बोटांशी शिवण नसलेले.

एक पत्र मी आपणहून दाखवत नाही.
सप्टेंबरातलं.
खाली मिरागायात पटकी शिरलेली,
धक्क्याला जहाजं, पिंपं भरून तयार.
‘बंदर निरोगी आहे, असा दाखला हवा. आजच.’
एवढंच.
ओळंब्यात धरल्यासारखी अक्षरं.
पाठीमागे लाल पेन्सिल:
आज हात मुळीच हलला नाही.
लक्षण चांगलं नाही.

दाखला दिला का, हे सगळेच विचारतात.
खोक्यात नाही. मी दोनदा उपसलाय.
माझ्या पणजीची आई मिरागायात कपडे धुवायची.
नाताळात ती नव्हती, एवढंच घरात सांगतात,
तेही मासे साफ करता करता.

परवा फिलीपा आली, मेंदूचं शिकणारी पोरगी.
पारदर्शक पट्टी ठेवून लाटा मोजत गेली, वर्षामागून वर्ष.
सप्टेंबरापाशी थांबली.
‘हे दुसऱ्या कुणी लिहून दिलंय का?’
नाही, म्हटलं, त्यांनीच.
तिनं वहीत लिहिलं, अपवाद,
आणि पेन्सिलीचं टोक बराच वेळ चावत बसली.

शेवटचं पत्र लागतच नाही.
पानभर नुसत्या खाचा,
एका जागी ‘लोकर’ असावं,
किंवा ‘लवकर’ म्हणायचं असेल.
त्यावर निदान नाही, औषध नाही,
फक्त आल्याची तारीख, लाल.
तारखेतला सातही जरा हललाय.
फ्राझांव तेव्हा एकाहत्तरचा होता.
थंडीही असेल.

त्याची नोंद सूचीत नाही.