बाकाखालचे चिरे

टेकडीवरची शाळा बंद झाली. पट सातावर आला होता.
सात मुलं, दोन बाई, एक पेटी,
व्हरांड्यात जास्वंदीच्या कुंड्या,
आणि सोळा बाकं, सागवानी, जुनी, जड.
आमच्याकडे, खाली बायण्यात, पट एकोणसाठ
आणि बाकं नऊ.

आदेशात शब्द होता : समायोजन.
तो मी तीनदा वाचला
आणि कायतानला फोन लावला.
दुपारनंतर त्याचा मासळीचा टेम्पो रिकामा असतो.
दोन खेपा झाल्या. भाडं घेईना.
म्हणाला, बाई, माझी पोरं त्याच शाळेत होती,
मीच काढली, आणि इंग्लिशला घातली.
मग उगाच दोर आवळत राहिला.

मी काही बोलले नाही.
सव्वासातला माझ्या दारात पिवळी व्हॅन येते,
माझा मुलगा टाय सरळ करून तिच्यात चढतो,
आणि मी चालत इकडे येते,
सरकारी शाळा टिकली पाहिजे म्हणत.

पंचवीस बाकं, एकोणसाठ मुलं.
दोन दोन बसवली तर बाकी नऊ.
फळ्यावर बाकी खाली लिहून मोकळं होता येतं.
वर्गात ती उभी असते,
पाटी छातीशी धरून, कुठे बसू विचारत.

बाकांना आठवडाभर बांगड्यांचा वास होता.
बंदरावरून उडालेली कोळशाची पूड रोज सकाळी
जुन्या बाकांवर बसायची तशीच नव्यांवर बसली.
एकावर कर्कटकाने कोरलेलं :
तुकू पागी, चौथी ब.
खाली एक मासा.
म्हणजे एके काळी टेकडीवर चौथीला ‘ब’ तुकडी होती.
सोमलीने त्या माशावरून बोट फिरवलं
आणि विचारलं, हो परत मागूंक येतलो?
नाही गं, म्हटलं. आणि पोटात काहीतरी हललं.

निंगव्वा अकरा वर्षांची, दुसरीत.
बाप स्लॅब घालतो. स्लॅब भरला की गाव बदलतं,
गाव बदललं की अक्षर बदलतं.
तिचा ‘क’ कन्नडसारखा आधी गोल होतो,
मग आठवण झाल्यासारखा दांडीला लटकतो.
बाक तिला पुरत नव्हतं.
गुडघे फळीखाली अडकायचे, उठताना खरचटायचे,
म्हणून ती उठायचीच नाही,
उत्तर येत असलं तरी.
महिनाभर मी तिला मठ्ठ समजत होते.
हे इथे लिहून ठेवते.

मग कुंपणाचे पडलेले चार चिरे
आम्ही तिच्या बाकाच्या चार पायांखाली सरकवले.
बसायला घरून एक स्टूल आणलं.
दुसऱ्या दिवशी तिने हात वर केला.
सात साते एकोणपन्नास.
एवढंच.

जुलैत भागशिक्षणाधिकारी आले.
भले माणूस, घामेजलेले, दिवसातली चौथी शाळा.
त्यांनी पट मोजला, खिचडी चाखली,
दारातून वर्ग पाहिला,
रांगेतून वर आलेलं ते एक बाक पाहिलं,
आणि शेरेपुस्तकात सुवाच्य लिहिलं :
बाके समान उंचीवर ठेवावीत.

मी खाली सही केली.
सांगायला हवं होतं. त्यांची गाडी चालू होती.

संध्याकाळी चिरे काढायला वाकले, तर एक तडकलेला.
म्हटलं, उद्या बघू.

सकाळी निंगव्वा फाटकातून आली
डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दोन चिरे,
पायऱ्यांवर लाल भुगा सांडत.
एक समजला. दुसरा कशाला गं?

तिने उत्तर दिलं नाही.
चिरे उतरवले, हात फ्रॉकला पुसले,
आणि पहिलीतल्या बसूकडे बोट केलं.
त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते.