एका अक्षराची दुरुस्ती

तार्तूत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
जुना लॅपटॉप उघडून स्वयंपाकघरात बसले आहे
आमच्याच प्रकल्पाच्या दारात,
परकी होऊन.

फेरीबोटींच्या वेळा दाखवणारा प्रोग्राम.
बारा वर्षं आम्ही पाचजण तो फुकट सांभाळतो,
रात्री, मुलं निजल्यावर.
आणि बारा वर्षं म्हणत आलो, या, कुणीही या.

व्हिल्लू आला होता.
बेटावरच्या धक्क्यावर बोटीचे दोर झेलणारा.
त्याच्या गावाच्या नावात ओ-वर एक नागमोडी रेघ आहे,
ती आमच्याकडे प्रश्नचिन्ह होऊन उमटायची.
म्हणजे रोज, दर फेरीला,
आम्ही त्याच्या गावाला विचारत होतो, तू आहेस का?

चूक कुठल्या ओळीत आहे ते त्याने शोधलं,
एकट्याने, अख्खा हिवाळा घालून.
दुरुस्ती: एक अक्षर.

आम्ही त्याच्या हातात ठेवली एकेचाळीस पानांची नियमावली.
सात साधनं, त्यातलं चौथं मिळायचंच बंद झालेलं.
सहीसाठी एक करार, वकिली इंग्रजीत.
शिवाय एक यंत्र, मध्यरात्री कळवणारं:
ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा जास्त. नामंजूर.
टार्मोने खाली लिहिलं, आधी नियम वाचा.
त्या वाक्याला कुणीतरी अंगठा दाखवून दाद दिली होती.
आज पाहिलं.
माझाच अंगठा.

माफ करा, तुमचा वेळ घेतला, असं व्हिल्लूने लिहिलं.
मग चार वर्षं काहीच नाही.

आज मी तीच नियमावली पहिल्या पानापासून पाळत गेले.
तिसऱ्या पायरीवर आपटले.
ती पायरी मी बांधलेली.

टार्मोला फोन केला. तो म्हणाला,
दार सताड टाकलंस तर कुणीही घुसेल.
म्हटलं, आलेल्याला हाकलता येतं, टार्मो.
न आलेल्याला हाक मारायची
तर कुठल्या नावाने?
तो बराच वेळ गप्प.
मागे त्याच्या भांड्यांचा आवाज.
मग म्हणाला, त्या मोकळ्या जागा
यंत्रानेच पुसाव्यात ना,
तेवढं तर त्याला जमायला हवं.

तीन वाजेपर्यंत एक पान उरलं.
वर लिहिलं: अक्षर सापडलं तर अक्षर द्या,
बाकीचं आम्ही बघतो.
आणि व्हिल्लूला पत्र. चार वेळा खोडून, साधंच.

नऊ दिवसांनी उत्तर आलं.
खांदा गेलाय, धक्का सोडला.
बोटही आता आमच्या गावी थांबत नाही,
दोन वर्षं झाली.
पण नाव तरी नीट दिसू दे.

सोबत ते अक्षर.
ओळीच्या शेवटी, पुन्हा, एक मोकळी जागा,
जी यंत्राने मुकाट पुसली.