आईला न लागता

आदल्या रात्री बेल्मीरू ग्राझीना झोपेना.
एव्होराच्या वॉर्डात खिडकी उघडी, जुलैचा उकाडा.
रेचकाचा शेवटचा पेला नाक मुरडत रिचवला
आणि मला विचारलं,
"उद्या जी बाई चिरणार,
तिला आवाज ऐकू येतो का?"

कसला आवाज?

चाळीस उन्हाळे त्यानं बुचाच्या झाडांची साल सोडवली.
कुऱ्हाड टेकली की झाड बोलतं, म्हणाला.
पोकळ वाजलं तर साल सुटायला राजी,
ठस्स वाजलं तर हात आवर,
आत आई आहे.
आतल्या थराला ते आईच म्हणतात.
तिला लागलं तर त्या जागी
पुन्हा धड बूच धरत नाही.

मी खरं सांगितलं. खोटं मला जमत नाही.
आवाज नाही. हाताला काही लागतही नाही.
डॉक्टर योलांदा चार पावलांवर बसतील,
तुमच्याकडे न बघता,
एका खोक्यात तोंड खुपसून.
दिसतं मात्र दसपट.

तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "बहिऱ्याची नजर तिखट असते."

सकाळी टेबल डोक्याकडे कललं.
प्लास्टिक पांघरलेले चार हात त्याच्यावर ओणवले.
मी त्याच्या कुशीशी उभी, अवजारं बदलत.
कटीच्या हाडांमधली ती अरुंद घळ,
माझी मूठही जिथं वळली नसती,
तिथं करंगळीहून बारीक मनगट वळत होतं.
पडद्यावर दोन थरांमधलं पांढरं जाळं,
पिंजल्या कापसासारखं, ताण दिला की उलगडणारं,
आणि कडेला सुतासारख्या नसा,
ज्यांच्यावर पुरुषाची लघवी टिकते, आणि लाजही.
योलांदा पुटपुटत होत्या,
"इथं नाही. इथं नाही. हां, इथं."
पाच तास.
एकदा मला वाटलं कुणीतरी ठोठावतंय.
एसीचा पाइप होता.

ट्रेमध्ये ठेवला तेव्हा तो तुकडा
गुळगुळीत, चकाकता, वेष्टनासकट अख्खा.
गाठ आत. चीर कुठेही नाही.

तिसऱ्या दिवशी त्यानं पोटावरची पिशवी पाहिली,
शिवी दिली, मग माझी माफी मागितली.
यंदाचा हंगाम गेलाच.

सोललेल्या खोडावर ते वर्षाचा शेवटचा आकडा रंगवतात, पांढरा.
मग नऊ वर्षं त्या झाडाला कुणी हात लावत नाही.
त्यानं माझं पेन मागितलं,
सदरा वर केला, टाक्यांच्या शेजारी
थरथरता चार काढला.
"नऊ," म्हणाला.
आम्ही पाच मोजतो, मी सांगितलं.
"तुम्ही घाईची माणसं."

दुसऱ्या दिवशी अंग पुसताना
मी फडकं आकड्याच्या कडेकडेनं फिरवलं.