पसंतीक्रम

सावदा, फैजपूर रोड. रात्रीचे साडेनऊ.
सिकंदर तडवीच्या कॅफेत तीन कॉम्प्युटर, एक पंखा,
आणि उद्या पाचला बंद होणारा ऑप्शन फॉर्म.

कॉम्प्युटर वर घेतलं. खाली नेलं.
एआय अँड डेटा सायन्स पहिल्यावर. मग चौथ्यावर.
ओळी बोटाने उचलल्या जातात,
केळीच्या घडासारखं वजन नसतं त्यांना.

नेहेते सर म्हणाले होते, एआय घे, डोळे झाकून.
हिंजवडीहून चेतनदादा म्हणाला, डोळे उघडे ठेव,
आमच्या मजल्यावर अकरा खुर्च्या रिकाम्या झाल्यात.
दोघंही मला हुशार म्हणतात.

सिकंदर सांगतो, ताई, मी हे टाकलं तेव्हा
लोक म्हणायचे, जग आता तुझ्या दुकानात येणार.
आलं. आणि सगळ्यांच्या खिशात निघून गेलं.
मी लॅमिनेशन करतो.

समोर पप्पांचं दुकान अजून उघडं. मोटार रिवायंडिंग.
जळकी तार ओढून काढायची,
कुठल्या खाचेत किती वेढे, वहीत लिहायचं,
मग नवं तांबं, तेवढेच वेढे, वर वार्निश.
लहानपणी मी वासावरून ओळखायचे,
ही फेज जाऊन जळली, ही कोरडी चालली.
आधी पाचच्या मोटारी यायच्या, मग साडेसातच्या, आता साडेबाराच्या.
पाणी खोल गेलं तसा आमचा धंदा वाढला.
हे मी कुठल्याच मुलाखतीत सांगणार नाही.

पप्पा डबा घेऊन आले, हात डिझेलने पुसलेले.
मी एकेक शाखा वाचून दाखवली.
स्क्रीनकडे ते जळक्या स्टेटरकडे बघावं तसे बघत राहिले.
मग विचारलं,
"याच्यात जयतं काय?"

मी हसले.
"नोकऱ्या," सिकंदर म्हणाला.
"तसं नही. आतमधी. गरम कुठं होतं,
ते ज्याले माहीत, त्याले लोकं हुडकत येतात."

इलेक्ट्रिकल नवव्यावर होतं.
उचललं, दुसऱ्यावर ठेवलं. पुन्हा पहिल्याकडे बघितलं,

तेवढ्यात लाइट गेली.
यूपीएस ओरडायला लागला, सिकंदरही, सेव्ह कर, सेव्ह कर.
समोर आमच्या दुकानात मात्र दिवा जळत होता.
पप्पा दारातून म्हणाले, "एकच फेज गेली."
म्हणजे उद्या सकाळी सात-आठ मोटारी दारात,
आणि पाचपर्यंत त्यांना काही विचारता येणार नाही.

मी सेव्ह दाबलं.
पडद्यावर ते गोल फिरत राहिलं.
मी वेढे मोजत बसले.